ओढ म्हटलं की ओढायचं

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत तुळजाजी राहायचा. गल्लीत त्याला झाडांचा डॉक्टर म्हणायचे, आणि म्हटलं की तो लाजायचा. लाजायचा, पण नको म्हणायचा नाही हं. काटकुळा माणूस, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, जमिनीवर चालताना दर दहा पावलांना ठेच. पण तोच पन्नास फूट उंच चिंचेवर चढला की माकडांनी येऊन शिकवणी लावावी.

झाडं पाडायचं काम तो करायचा नाही. वाळलेली फांदी उतरवायची, घरावर कललेली फांदी कौलाला धक्का न लावता खाली आणायची, ढोली खरवडून तिच्यात चुना भरायचा, कापलेल्या जागी शेण आणि तांबडी माती लिंपायची, ही त्याची डॉक्टरकी. कुणी धडधाकट झाड तोडायला बोलावलं, की त्या दिवशी नेमकं याच्या पोटात दुखायचं.

तुळजाजी वर, आणि खाली त्याचा थोरला भाऊ अप्पाजी. अप्पाजी सहा वर्षांनी मोठा, अंगाने रुंद, बोलायला कंजूष. लग्न केलं नाही. त्यांचं लग्न दोराशी झालंय, म्हणून मला जाऊ मिळाली नाही, असं तुळजाजीची बायको शेषम्मा तोंडावर म्हणायची. तोही हसायचा.

काम असं चालायचं. कापायच्या फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, आणि खाली अप्पाजी त्याचा बुंध्याला दीड वेढा देऊन टोक हातात धरायचा. वरून तीनच शब्द यायचे. ओढ, सोड, धर. घरातली भाषा मराठी, म्हणून कामातलीही मराठी. तंजावुरात पिढ्या गेल्या, तेव्हा आपल्या ढ चा केव्हाच ड झालेला. तुळजाजी म्हणायचा ‘ओड’, आणि अप्पाजी ओढायचा. बावन्न सालच्या वादळानंतर तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावागावांतून बोलावणी आली. अर्धवट मोडून लोंबणाऱ्या फांद्या या दोघांनी महिनोन्महिने उतरवल्या, पण कुणाचं एक कौल फुटलं नाही.

संध्याकाळी घरी आलं की हत्यारांची सेवा. कोयता तुळजाजी स्वतः घासायचा, ओल्या दगडावर, अंगठ्याच्या नखावर धार बघत. करवतीचे दात कानशीने एकेक करून उजळायचे, राळ चिकटली असली तर रॉकेलच्या चिंधीने पुसायची, मग खोबरेलाचा हात. पण दोराला मात्र अप्पाजीशिवाय कुणी हात लावायचा नाही. सणाचा लांब दोर आणि तुळजाजीच्या कमरेचा आखूड दोर, दोन्ही तो पुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पाय पसरून बसून मुठीतून सरकवायचा. वीतभर सरकला की थांबायचं, पीळ उकलून आत बघायचं, नाकाशी धरायचं. ओला असेल तर सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. चीक लागला असेल तर तांदळाच्या कोंड्याने चोळून काढायचा. तेल कधीच नाही, उंदीर येतात. इतका वेळ कुणी बायकोच्या वेणीला दिला असता तर ती बाई गल्लीत मिरवली असती.

साठ साल उजाडलं तसं शेषम्माच्या लक्षात आलं की भावजी हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘बरं’ म्हणतात. जेवायला चला, बरं. पाऊस येतोय, बरं. दारात कोण आलंय, बरं. शेषम्मा थट्टेखोर, तिला खाज आली. एका सकाळी तिने कॉफीचा पेला अप्पाजीच्या हातात दिला आणि गोड आवाजात विचारलं, भावजी, आज साखरेऐवजी मीठ घातलंय, चालेल ना?

“बरं,” अप्पाजी म्हणाला.

मीठ तिने खरंच घातलं होतं. तो थुंकणार, ओरडणार, मग सगळे हसणार, असा तिचा बेत. अप्पाजीने पहिला घोट घेतला, शेषम्माच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळा पेला शेवटपर्यंत प्यायला. वर म्हणाला, छान झालीय. आपल्याला ऐकू आलं नाही हे कळू नये, म्हणून त्या माणसाने पेलाभर खारी कॉफी प्यायली. शेषम्मा आत जाऊन चुलीपुढे बसली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तुळजाजीने हे दारातून पाहिलं होतं. खाली दोर धरणाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणजे काय होऊ शकतं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण अण्णाला, म्हणजे अप्पाजीला, सांगायचं कसं? त्या दोरापलीकडे अण्णाकडे होतं काय? बायको नाही, पोर नाही. त्याच्या हातून दोर काढून घ्यायचा म्हणजे उद्यापासून तू नुसता जेवायला बस असं म्हणायचं.

मग तुळजाजीने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. हातवारे करून, मोठ्याने बोलून सांगितलं की हल्ली कामं येत नाहीत. वैयापुरी म्हणून नारळ उतरवणारा एक चाळिशीचा माणूस जवळच करंदैला राहायचा, त्याला दोर उसना दिलाय, मीही कधी कधी त्याच्या सोबतीला जातो, असं ठोकून दिलं. अप्पाजी म्हणाला, बरं.

खरं म्हणजे कामं येतच होती, आणि खाली आता वैयापुरी उभा असायचा. वैयापुरी चांगला माणूस. कान तिखट, हात घट्ट, सांगितलं तेवढंच करणारा. त्याला मराठीचा गंध नाही, म्हणून तुळजाजी वरून तमिळमध्ये सांगायचा. ओढायचं असलं की ‘इळु’. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी दोर घरी यायचा, अप्पाजी तो मुठीतून सरकवायचा, कोंड्याने चोळायचा, खुंटीला लावायचा. काही विचारायचा नाही. तुळजाजी समोर बसून कोयता घासायचा, आणि मान वर करायचा नाही.

एकदा अप्पाजीने कमरेच्या दोराचा हातभर तुकडा काढून टाकला आणि नवा सण वळून जोडला. जुना काय वाईट होता, असं तुळजाजीने खुणेने विचारलं. अप्पाजीने त्याचा पीळ उकलून आतला काळा पडलेला धागा दाखवला. बस, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात तिरुवैयारुहून बोलावणं आलं. तिथे बाळकृष्णराव नावाचे गृहस्थ घरी गाणं शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या खोलीवर शेजारच्या जुन्या आंब्याची एक भलीमोठी फांदी आडवी झाली होती, आतून किडलेली. सकाळी बसने तुळजाजी आणि वैयापुरी गेले. बाळकृष्णरावांनी आधीच बजावलं, कौलं माझ्या आजोबांच्या वेळची आहेत, तशी आता मिळत नाहीत. तुळजाजीने हसून मान हलवली. शिष्यांना अंगणाच्या पलीकडे बसवलं, दोर बेचक्यातून सोडला, वैयापुरीने वेढा दिला, करवत चालू झाली.

फांदी अर्धीसुद्धा कापून झाली नव्हती. आतला लगदा बाहेरून कळण्यापेक्षा कितीतरी जास्त होता. एकदम कडाड आवाज झाला, फांदी कौलांकडे कलली, आणि आता दोर ताणला तरच कौलं वाचणार होती. आता बघा, माणूस शहाणपणाने बोलतो तेव्हा कुठलीही भाषा बोलतो. घाबरला की आईचीच.

“ओड,” तुळजाजी वरून ओरडला. “ओड, ओड.”

तमिळमध्ये ‘ओडु’ म्हणजे पळ. वर लाकूड कडाडतंय, वरचा माणूस जिवाच्या आकांताने पळ पळ म्हणून ओरडतोय. वैयापुरीने जे सांगितलं तेच केलं. दोर टाकला आणि पळाला.

फांदी कौलांवर गेली. तिचा बुंध्याकडचा तुकडा उलटा उसळून तुळजाजीच्या उजव्या मांडीवर बसला आणि तो झाडावरून सुटला. जमिनीवर मात्र आला नाही. कमरेच्या दोराला लटकत राहिला, अप्पाजीने नवा सण जोडला होता ती गाठ बरगडीत रुतवून. त्याला उतरवेपर्यंत वैयापुरी खाली कपाळ बडवत तमिळमध्ये एकच म्हणत होता, तुम्हीच सांगितलंत ना पळ म्हणून. बाळकृष्णराव भले, कौलांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी, वाहन शोधायला स्वतः धावले.

तंजावूरच्या इस्पितळात तीन महिने गेले. हाड जुळलं, पण पाय वाकेना. झाडावर चढायचं संपलं, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्याला कळलं होतं. शेषम्मा रोज डबा आणायची आणि गल्लीतल्या गमती सांगून त्याला हसवायला बघायची. अप्पाजी तिच्यासोबत यायचा, पायाशी बसायचा. वैयापुरीकडून सगळ्या गल्लीला सगळं कळलं होतं. अप्पाजीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे असं तुळजाजी धरून चालला होता.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तो काठी टेकत तिण्णैवर गेला. आज सांगायचंच, असं ठरवून. अप्पाजी पाय पसरून बसला होता, मुठीतून दोर सरकत होता. तुळजाजी त्याच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, “अण्णा, मी तुझ्याशी खोटं बोललो.”

अप्पाजीने दोर थांबवला. ओठांवरून त्याने ओळखलं असेल, नाहीतर चेहऱ्यावरून.

“नारळाला चीक नसतो, तुळज्या,” तो म्हणाला. “दोराला चिंचेचा वास यायचा, आंब्याचा चीक असायचा. पहिल्याच दिवशी कळलं.”

तुळजाजीला खाली बसवेना, पाय आडवा येत होता. तो तसाच खांबाला धरून उभा राहिला.

“आणि पाच वर्षं झाली मला ऐकू येत नाही,” अप्पाजी पुढे म्हणाला. “तू ओढ म्हणायच्या आधी दोर थरथरतो. सोड म्हणायच्या आधी जड होतो. मी दोराचं ऐकायचो. तू ओरडायचास ते बघून मला वाटायचं, ओरडू दे बापडा, घसा मोकळा होतो.”

पाच वर्षं म्हणजे कितीतरी झाडं, कितीतरी छपरं. ज्याला ऐकू येत नाही म्हणून बाजूला काढला, तो कधी चुकला नव्हता. तिखट कानाच्या माणसाला एक शब्द नीट ऐकू आला, आणि पाय गेला. तुळजाजीने विचारलं, “मग बोलला का नाहीस रे, अण्णा?”

तेव्हा तो मान वळवून नाक शिंकरत होता. अप्पाजीला ओठ दिसले नाहीत.

“बरं,” अप्पाजी म्हणाला, आणि दोर पुन्हा सरकवायला लागला.

चढणारा उरला नाही, तरी दोराची सेवा थांबली नाही. रोज सकाळी तिण्णैच्या एका टोकाला तुळजाजी, दुसऱ्या टोकाला अप्पाजी, मध्ये तो लांबच लांब दोर. दोघे दोन बाजूंनी वीत वीत बघत यायचे. करवतीला तेल लागायचं, कोयत्याला धार लागायची, वापरायला कुणी नाही. शेषम्मा म्हणायची, एवढ्या धारेने निदान माझी भेंडी तरी चिरून द्या. हसत नसे कुणी, तरी ती म्हणायची. कॉफी झाली की ती आतून हाक मारायची, तुळजाजी आपल्या टोकाला हलकासा हिसका द्यायचा, आणि अप्पाजी वर न बघता आपल्याकडून तसाच हिसका देऊन उठायचा. भावाभावांची बोलणी तेवढीच, आणि तेवढ्यात त्यांचं भागायचं.

चौसष्ट सालच्या मार्गशीर्षात एका सकाळी कॉफीची हाक आली. अप्पाजी खांबाला टेकून बसला होता, दोर मांडीवर, डोळे मिटलेले. तुळजाजीने हिसका दिला. उलट हिसका आला नाही. त्याने पुन्हा ओढलं, थोडं जास्त. मग तो ओढतच राहिला, आणि दोर काही न अडता अप्पाजीच्या बोटांमधून निसटत, तिण्णैवरून सरपटत, सगळाच्या सगळा त्याच्याकडे चालत आला.

आतून शेषम्माने विचारलं, भावजींच्या पेल्यात साखर जरा जास्त घालू ना, गारठा आहे.

तुळजाजी दोराचं टोक मांडीवर घेऊन बसला होता.

“बरं,” तो म्हणाला.