डाव कुठला?

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरणारा मष्णू सभेला आला खरा, पण त्याचा जीव ठिकाणावर नव्हता. अनगोळच्या एका हॉलात नागेंद्रअण्णांची शोकसभा होती. अण्णांनी चाळीस वर्षं मराठी पेपरात कुस्तीच्या बातम्या लिहिल्या, आणि बोलणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव मष्णूचं होतं. शेजारी लेक सौम्या. घरच्या भिंतीवरचं बावीस वर्षांपूर्वीचं कात्रण तिनं फ्रेमसकट आणून मांडीवर धरलेलं. बापानं गावच्या जत्रेत संकेश्वरच्या शामूला हरवलं, त्याची बातमी. पोरगी स्वतः तालमीत जाते आणि त्या कात्रणावर तिचा लई जीव.

पुढच्या रांगेत शामू दिसला आणि मष्णूनं नजर वळवली.

अण्णांची एक खोडच होती म्हणा. कुस्ती सुटली की सगळे जिंकलेल्याभोवती गोळा व्हायचे. हा माणूस आधी हरलेल्याकडं जायचा. नाव, गाव, वस्ताद नीट विचारून घ्यायचा. मग जिंकलेल्याला एकच प्रश्न, डाव कुठला? एकलंगी, घिस्सा, ढाक, जो असेल तो बातमीत यायचाच. नुसतं 'विजयी' लिहून मोकळं होणाऱ्यांची त्यांना भारी चीड.

आणि त्या जत्रेत मष्णूनं डाव टाकलाच नव्हता. घरच्या मैदानात घरचा गडी जिंकावा, असं दोघांच्या वस्तादांनी परस्पर ठरवलेलं. हाताखाली शामूचं अंग सैल पडलं तेव्हा कुठं मष्णूला कळलं. शामू आपणहून पाठीवर गेला, हलगी कडाडली, गावानं मष्णूला खांद्यावर घेतलं. अण्णा शामूकडून आले आणि वही उघडून उभे राहिले.

"डाव कुठला?"

मष्णू अंगावरची माती झाडत राहिला. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, वही मिटली. "आठवला की सांग." गड्याच्या तोंडून आल्याशिवाय ते काही छापत नसत. दुसऱ्या दिवशी बातमीत नुसतं 'विजयी' आलं. गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. शामूनं मात्र त्यानंतर लंगोट चढवला नाही.

पुढं बसस्टँडवर, लग्नात, दवाखान्यात, भेटतील तिथं अण्णा मष्णूला बाजूला घ्यायचे. "आठवला काय रं डाव?" चारचौघांत कधी बोलले नाहीत, पण सोडलंही नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा, आता कोण विचारणार, म्हणून मष्णूला क्षणभर हायसं वाटलेलं. त्याची लाज त्याला आज बसू देईना.

माईकवरून नाव आलं. तो उठला. गौरवाची चार वाक्यं पाठ करून आणली होती, ती कुठल्या कुठं गेली.

"अण्णा मला एकच इचारायचे. बावीस वर्सं मी उत्तर दिलं न्हाय," तो म्हणाला. "डाव न्हवताच. वस्तादांनी सांगितलं म्हणून शामू पडला. मला तितंच कळलंतं. मी गप ऱ्हायलो आणि मिरवलो."

सौम्यानं मांडीवरची फ्रेम पालथी केली. मष्णूनं ते बघितलं. मग माईक सोडून तो खाली उतरला आणि शामूपुढं जाऊन उभा राहिला.

शामूचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"एवढं सांगायला अण्णास्नी मरावं लागलं व्हय रं?"