वहिनींचा पुसलेला फोटो

कॅमेरा छातीशी धरायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं, "काढू का?" समोर माणूस असो नाहीतर म्हैस. म्हैस काय बोलणार? तरी माझा हा दोस्त थोडा वेळ थांबायचाच. वाईच्या घाटावर तुमच्यापैकी कुणी त्याला बघितलं असेल, तर हसलाही असाल.

एसटीत मी ड्रायव्हर, तो माझ्या गाडीवर कंडक्टर. रिटायर झाल्यावर मी पारावर बसलो, यानं कॅमेरा घेतला. पुढचं भिंग तांब्याएवढं! पावसात स्वतः भिजायचा, पण कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी.

मी म्हणायचो, "गड्या, बायकोला कवा अशी छत्री धरलीस का?"

"तिनं मागितलीच न्हाई," म्हणायचा.

पुण्याची पोरं घाटावर दहाव्याला बसलेल्यांचे फोटो काढायला लागली, की हा मध्ये जाऊन उभा राहायचा. "रडत्या माणसाला इचारणार कसं?" एवढंच म्हणायचा.

एकदाच चुकला. नवरात्राच्या आधी माझी बायको घाटावर गोधड्या धूत होती. मी काहीतरी चावट बोललो. ती मान मागं टाकून हसली. पदर खांद्यावर, पुढचे दोन दात पडलेले. यानं न विचारता दाबलं बटण.

तिचं हसू गेलं. "भावजी, पुसा आधी ते."

"वहिनी, लय भारी आलाय."

"भारी असू द्या न्हाईतर हलका. पुसा."

त्यानं तिच्या समोर धरून पुसला.

या श्रावणात ती गेली. भिंतीला लावायला फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी दिसते. मग मी त्याच्याकडं गेलो. म्हणालो, "पुसलेला परत येतो म्हणं."

तो उठला. मग कपाटातून कागदाची पुडी काढली. आत कॅमेऱ्याचं नखाएवढं कार्ड.

"पुसलाय रं. पण नवीन काढलं न्हाई, तर जुनं आत राहतं. ह्याच्यावर मी परत काय काढलंच न्हाई."

"का?"

"ते मला इचारू नगं."

मी चिडलो. "तिला फसवलंस की!" आणि मागायला तर मीच गेलो होतो. माझं मलाच कळेना.

"तू ठरव," तो म्हणाला. "मला न्हाई ठरवता आलं." पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तो सांगलीला लेकीकडं गेला.

मी साताऱ्याला एका फोटोच्या दुकानात कार्ड नेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आली ती. तशीच, तोंड उघडं टाकून. दुकानदार म्हणाला, "आजोबा, मोठा करू? फ्रेम बघा ही."

जन्मभर मी तिचं ऐकलं नाही. मेल्यावर तरी ऐकावं का नाही? कार्ड खिशात घालून बाहेर पडलो.

रोज वाटायचं, परत जावं, एकदा बघावं. रोज वाटायचं, नको म्हणाली होती. दुकानदाराला पुसायला सांगावं, तर परक्याचा हात कशाला? तिनं ज्याला सांगितलं होतं, त्यानंच काय ते करावं. असं म्हणून सांगलीची गाडी धरली.

त्याच्या लेकीनं दार उघडलं. तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

"परवा गेले बाबा. झोपेतच. तुमचा फोन लागत नव्हता, काका."

तिनं बसवलं, पाणी दिलं. आत टेबलावर त्याचा कॅमेरा होता, पिशवीत गुंडाळलेला. मी तिकडंच बघत राहिलो.

"काका, बाबांकडं काही काम होतं का?"

"व्हय," म्हणालो. "एक फोटो पुसून घ्यायचा हुता."

"द्या की, मी पुसते."

तिनं हात पुढं केला. मी खिशावरचा हात काढला नाही.