निळ्या कॅसेटमधलं हसू

दयानंदला राग कळत नव्हते आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका चष्म्याच्या दुकानात त्यानं जन्मभर काचा घासल्या. दिवसभर कानाशी मशीनची घरघर. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि कॅसेट लावायची. निपाणीहून पोटासाठी तिथं आलेल्या माणसाची चैन ती एवढीच. "बिडीसुद्धा ओढत नाहीत, नुसतं गाणं ऐकत बसतात," असं त्याची बायको महानंदा शेजारणीला सांगायची. हे कौतुक की तक्रार, ते शेजारणीला अजून उमगलेलं नाही.

कव्हरवर काहीही छापलेलं असो, दयानंदच्या घरात कॅसेटना वेगळीच नावं होती. पहिल्या पगारात घेतली ती 'पगाराची'. टायफॉइडमध्ये पडल्या पडल्या ऐकली ती सतारीची कॅसेट 'तापाची'. ती लावली की त्याच्या तोंडाला अजून कडू चव यायची, तरी तो ती लावायचाच. हुबळीच्या स्टँडवर बस चुकली म्हणून वेळ घालवायला घेतलेली कन्नड संतांच्या वचनांची कॅसेट 'चुकलेल्या बसची'. यातलं चांगलं गाणं कुठलं, असं कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. आपण त्या दिवसांत कसे होतो ते मात्र कॅसेट लावली की त्याला लख्ख आठवायचं.

आणि एक होती 'निळी'. तिचं कव्हर निळं होतं म्हणून निळी, असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खरंही होतं. पण अर्धंच.

मराठी मंडळाच्या गणपतीत धारवाडकडच्या एका गाणाऱ्या बाईंची बैठक झाली होती. आज त्या बाईंचं नाव कुणाला आठवणार नाही. कुठल्याशा लहान कंपनीनं ती बैठक जशीच्या तशी कॅसेटवर घेतली, मंडळाच्या मांडवात चार प्रती विकल्या आणि पुढं कंपनीच बुडाली. दयानंद त्या बैठकीला गेला होता, त्याची पहिली बायको पवित्रा हिला घेऊन. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ठुमरी संपल्यावर तबलजीची हातोडी घरंगळत स्टेजखाली गेली, तो बिचारा ओणवा होऊन शोधायला लागला, आणि बाई म्हणाल्या, "तबला रुसला वाटतं." सगळे हसले आणि थांबले. पवित्राचं मात्र एक होतं. तिला विनोद कळायला जरा वेळ लागायचा. सगळं शांत झाल्यावर ती एकटी हसली, पुढच्याच रांगेत, अगदी मोकळं, थांबता थांबेना. तेव्हा बाईसुद्धा हसून म्हणाल्या, "पाऊस थांबला, पागोळ्या चालूच आहेत." पवित्रानं लाजून पदर तोंडात धरला.

मुलगा योगीराज दोन वर्षांचा असताना पवित्रा काविळीनं गेली. घरात तिचा एक फोटो राहिला, आणि निळ्या कॅसेटमधलं ते हसू. तिच्या आवाजाचं दुसरं काही जगात नव्हतं. त्या काळी साध्या माणसांचे आवाज कोण साठवून ठेवत होतं?

पुढं महानंदा घरात आली. योगीनं पहिल्या आठवड्यातच तिला आई म्हणायला सुरुवात केली, आणि तिनंही पोरात आणि स्वतःत कधी अंतर ठेवलं नाही. मग दयानंदला वाटलं, आता या सुखात आपण कशाला खडा टाकायचा? निळी लावून तो गुपचूप ऐकायचा. ते हसू कुणाचं, हे योगीला सांगायचं मनात होतं. दहावी झाली की सांगू, इंजिनिअरिंग झालं की सांगू, नोकरी लागली की सांगू. माणूस अशा गोष्टी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवतो, आणि चांगला दिवस आला की म्हणतो, आज नको.

योगीराज बेळ्ळंदूरला एका कंपनीत लागला. फोनवर बोलताना मागचा आवाज पुसून टाकायचं सॉफ्टवेअर ते बनवायचे. कुत्रं भुंकू दे, मिक्सर फिरू दे, पलीकडच्याला फक्त बोलणाऱ्याचा आवाज. "देवळाच्या घंटासुद्धा पुसता काय रे?" महानंदानं एकदा विचारलं होतं. "पुसतो की," तो अभिमानानं म्हणाला होता.

बाप निवृत्त झाला त्याच सुमाराला टेपरेकॉर्डरनं मान टाकली. कॅसेटना बुरशी धरायला लागली होती. योगी म्हणाला, "अप्पा, सगळ्या मला द्या. मोबाइलवर घालून देतो." दयानंदनं पत्र्याची पेटी त्याच्या गाडीत ठेवली. सांगायचं तर ती वेळ होती. पण रस्त्यात गाडी उभी, मागून रिक्षावाले कन्नडमधून ओरडायला लागलेले. तो एवढंच म्हणाला, "निळी तेवढी सांभाळून."

पोरगं गुणाचं. बापानं सांभाळून म्हटलं, त्यानं ते मनावर घेतलं.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी तो एक लहानसा स्पीकर घेऊन आला. पगाराची वाजली, तापाची वाजली. खरखर थोडी होती, पण होतं ते सगळं जागच्या जागी होतं. दयानंद खूश होता. मग योगी म्हणाला, "आता निळी ऐका. बाकीच्या नुसत्या उतरवून घेतल्या, या एकीवर मी हातानं काम केलंय."

बाईंचा आवाज आला आणि दयानंद चकित झाला. इतका स्वच्छ, जशा काही समोर बसून गातायत. ठुमरी संपली. तबला रुसला वाटतं, बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. दयानंद सवयीनं पुढं झुकला. एक क्षण गेला, दुसरा गेला. त्या शांततेत बाई म्हणाल्या, पाऊस थांबला, पागोळ्या चालूच आहेत. आणि भजन सुरू झालं.

दयानंदनं हात वर केला. "मागं घे बघू जरा," तो म्हणाला. योगीनं मागं घेतलं. पुन्हा तेच.

"लोकांचा आवाज दिसत नाही रे," दयानंद शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाला.

"तेच तर काम होतं अप्पा. खोकणं, खुर्च्या, टाळ्या लगेच गेल्या. एक बाई मात्र होती, मध्येच खी खी हसणारी. अगदी माइकजवळ. मशीनला ते गाणंच वाटायचं, जाता जाईना. दोन शनिवार तिच्यावरच गेले. शेवटी थोडं थोडं करून काढली."

दयानंदनं विचारलं, "कॅसेट आणलीस काय?"

"टेप कुजली होती. एकदाच वाजली आणि तुकडे झाले. टाकून दिली."

"आणि पहिलं उतरवलेलं? पुसायच्या आधीचं?"

"ते ऑफिसच्या लॅपटॉपवर होतं. तो परत दिला, त्यांनी सगळा साफ केला. कशाला पाहिजे? नुसता गोंगाट होता." योगीचा चेहरा जरा उतरला. "आवडलं नाही काय?"

दयानंदनं पोराकडं पाहिलं. हसताना डोळे बारीक व्हायचे ते पवित्राचेच होते. सगळं ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि त्या वाक्यानंतर हे पोरगं जन्मभर झोपलं नसतं.

"छान झालंय," तो म्हणाला. "कष्ट घेतलेस बाळा."

योगी जेवून, ट्रॅफिक वाढायच्या आत निघून गेला. दयानंद स्पीकरसमोर तसाच बसला. महानंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि त्याच्याजवळ खाली बसली.

"ते हसणं गेलं, होय?" ती म्हणाली.

दयानंदनं वळून पाहिलं. "तुला काय ठाऊक?"

"निळी लावली की तेवढ्या जागेला तुम्ही श्वास धरून बसायचा. बायकोला एवढं कळत नाही काय? मी गॅस बारीक करायची तेवढ्यापुरता. मध्येच कुकरची शिटी नको म्हणून."

इतकी वर्षं आपण चोरून ऐकत होतो, आणि आत कुणीतरी आपल्यासाठी आवाज कमी करत होतं, हे ऐकून दयानंदचे डोळे भरून आले.

"योगीला सांगायला पाहिजे," ती म्हणाली. "आई आहे ती त्याची."

"नको. अजिबात नको." त्यानं तिचा हात धरला. "ती गेली तवा त्याला काय कळलं नाही. आता तुझ्याच हातानं गेली, असं कशाला सांगू त्याला?"

महानंदानं मान हलवली. सांगणार नाही, म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून ती अशी रडायला लागली की दयानंदच गोंधळला.

"तू कशाला रडतीस?" त्यानं विचारलं. "तू तर तिला बघितलंसुद्धा नाहीस."

"नाही बघितलं," महानंदा म्हणाली. "एवढीच ओळख होती आमची."