पितांबरचे पाच चोर

पितांबर बोलू लागला की ऐकणाऱ्याला नेमकी बैलांची वैरण आठवायची. माणूस सज्जन, पण चाळिशी उलटली तरी त्याचं एकही बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

१९२६ सालच्या कार्तिकात भडगावच्या बाजाराहून येताना, बायकोसाठी घेतलेलं लुगडं त्याने गिरणा नदीत घालवलं. "गाठोडं कमरेले बांधा," असं तिने, धुरपदाबाईने, निघतानाच बजावलं होतं. त्याने ते डोक्यावर ठेवलं, आणि ऐन धारेत त्याला शिंक आली. आता हे घरी सांगायचं कसं? दारात येताच तो ओरडला, "लुटी लिधं माले! नालामा तीन चोर व्हतात!"

धुरपदाबाईने लुगड्याचं नावही न काढता गरम दूध पुढे केलं. गल्ली गोळा झाली. एरवी त्याला गप्प बसवणारा चुलतभाऊ रुपचंद जवळ सरकून म्हणाला, "मंग? पुढे काय व्हयनं?"

हा प्रश्न पितांबरला जन्मात कोणी विचारला नव्हता. दूध संपेपर्यंत तिघांचे पाच झाले, त्यातल्या एकाला मिशा फुटल्या. सांगता सांगता त्याच्या अंगावर खराखुरा काटा आला. आपण खोटं बोलतोय हे तो जवळजवळ विसरलाच.

सकाळी पोलीसपाटलाने गावाचा राखणदार, जागल्या हिलालला माग काढायला पाठवलं. रीत अशी, की चोरांची पावलं ज्या गावच्या शिवेत शिरतील त्या गावाने चोर हजर करायचे. नाल्यापलीकडची शीव पितांबरच्या बहिणीच्या, ताईबाईच्या सासरची! तिथली कोणाची तरी पाच पोरं विनाकारण चावडीवर बसणार, हे त्याच्या ध्यानात आलं. तोही हिलालमागे निघाला.

नाल्यात हिलालने वाकून वाळू पाहिली, मग पितांबरच्या पायांकडे पाहिलं. "भाऊ, आठे तुमनाज पाय शेतस. बाकीना काय उडत उनात?"

पितांबरने हात जोडले. "हिलाल, माग नदीमा बुडना, अशे सांगी दे ना!"

"मना एक माग आजलगून बुडना नही," हिलाल म्हणाला. मग त्याचा चेहरा बघून पुटपुटला, "सांगी देसू."

चावडीवर हिलालने मान खाली घालून तसं सांगितलं. लोक फिदीफिदी हसले. "म्हातारपन उनं! हिलालना डोया गयात!"

हिलालची मान आणखी खाली गेली. ते मात्र पितांबरला बघवेना. तो उठून उभा राहिला. "त्याना डोया चांगला शेत. चोरच नव्हतात."

मग त्याने सगळं सांगितलं. बाजार, पाणी, डोक्यावरचं गाठोडं. कोणी उठलं नाही. शिंकेपाशी पोलीसपाटलांना असा ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं. धुरपदाबाई दाराआडून म्हणाली, "नाक तरी धरानं व्हतं!" पण तीही पदरात हसत होती.

डोळे पुसत रुपचंद म्हणाला, "पितांबर, पुन्हा सांग. पहिलेपाईन."

पितांबरने उपरणं नीट केलं, हिलालला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि भडगावच्या बाजारापासून सुरुवात केली.