रेकॉर्ड खोलीतले आम्ही दोघं

निर्मलाताई गेल्याचा फोन तिच्या भावाने, रमेशने केला, तेव्हा मी विसरवाडीच्या फाट्यावर बसची वाट पाहत होतो. ट्रकच्या आवाजात नीट ऐकू येईना. "कोण गेलं?" असं दोनदा विचारलं... मग ऐकू आलं. बस आली आणि गेली, मी तिथेच उभा. त्याला आता दीड महिना झाला.

नंदुरबारच्या आमच्या पुनर्वसन कार्यालयात आम्ही अठरा वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. मी वयाने मोठा, तरी तिला ताई म्हणायचो. ती मला भाऊसाहेब. ती रनाळ्याची, लग्न न केलेली, आवाज ठणठणीत. डोंगरातून दोन गाड्या बदलून कुणी धरणग्रस्त आला की ती आधी पाणी द्यायची, मग अर्ज मागायची.

निवडणुकीच्या तोंडावर पुनर्वसनाच्या यादीतून बरीच नावं गळली. मग एके दुपारी एका पक्षाची दहा-बारा पोरं आली. साहेब दौऱ्यावर होते. पोरांनी आम्हा दोघांना रेकॉर्ड खोलीत कोंडलं आणि कोयता घेऊन एक जण दारात बसला. मंत्र्यांनी फोनवर यादी रद्द केली तरच सुटका, असं म्हणाले. तासाभराने बाहेर पोलीस जमले, तसा त्यांचा पुढारी आत आला. तोही घामाने निथळत होता.

"तुमच्यातला एक जण बाहेर जा. पोलिसांना सांगा, आत घुसले तर दुसऱ्याचं काही खरं नाही."

मी खाली बघत राहिलो. ताईच बोलली, "भाऊसाहेब, तुम्ही जा. तुमले शुगरनी गोळी लेवानी शे ना?"

गोळी मी सकाळीच घेतली होती, तिच्याच बाटलीतल्या पाण्याने. तिला ते चांगलं आठवत होतं, हे मला दिसत होतं. "निरोप देतो आणि परत येतो," म्हणालो आणि उठलो.

निरोप दिला. परत जाऊ द्या, असं पोलिसांना म्हणालोसुद्धा नाही. रिक्षा केली, घरी आलो, पंख्याखाली बसून राहिलो. ती सुटली त्यानंतर पाच तासांनी, पोरं शरण गेल्यावर. मंत्र्यांचा फोन आलाच नाही. पेपरात आलं ते एवढंच, 'दोन कर्मचारी ओलीस'.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर. "गोळी घेतली ना?" इतकंच विचारलं तिने. पुढे सहा वर्षं आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला, तिची कळण्याची भाकरी आणि माझी पोळी... त्या खोलीविषयी एक शब्द नाही. तिने विषय काढला नाही, मला धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात रनाळ्याला गेलो. रमेशने खिडकीजवळची वेताची खुर्ची पुढे ओढली. "भाऊसाहेब, आठे बसा. ताईनी खुर्ची शे."

मी नको म्हणालो. त्याने हाताला धरून बसवलं आणि बायकोला हाक मारली. "ह्याच त्या भाऊसाहेब. शेवटपर्यंत ताईसंगे त्या खोलीमा व्हतात. ताई कायम सांगे, भाऊसाहेब व्हतात म्हनीसन मी वाचनू."

वहिनी पुढे येऊन माझ्या पाया पडल्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं... तेवढ्यात चहा आला. गोळीचं खरं ठाऊक असलेलं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं. खुर्चीच्या हातांवरचा वेत तिच्या कोपरांनी गुळगुळीत झाला होता. मी माझे हात मांडीवरच ठेवले. चहा संपला तरी मला त्या खुर्चीतून उठता येईना.