शेजारची जागा

ब्रूजच्या मोठ्या चौकात पोचल्यावर मी आधी बाक शोधला आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. एसटीत, लग्नाच्या मांडवात, नाटकाला, जन्मभर मी ह्यांच्यासाठी अशीच जागा धरली. हे कायम मागे रेंगाळायचे. एखादं जुनं दार दिसलं की तिथेच खिळायचे.

समोर पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्यांची घरं होती, घोडागाड्या होत्या, आकाशात घुसलेला मनोरा होता. कालव्यांचं हे गाव बघायची हौस ह्यांचीच. लेक या देशात आल्यापासून नकाशा घेऊन बसायचे. मागच्या पावसाळ्यात ते गेले आणि तिकीट माझं एकटीचं निघालं.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि रुमालाकडे बोट दाखवून काही म्हणाले.

"आई, इथे कोणी येणार आहे का, असं विचारताहेत," लेकीने सांगितलं. मग तिलाही रुमाल दिसला.

माणूस गेला म्हणून त्याची जागा लगेच रिकामी होत नाही. आपणच ती धरून बसलेले असतो.

"नाही गं, कोणी नाही," मी म्हटलं आणि रुमाल उचलला. ते बसले.

तेवढ्यात मनोऱ्यातल्या घंटा वाजू लागल्या, एखादं गाणं म्हणावं तशा सुरात. मी वर बघत शेजारी म्हटलं, "अहो, ऐकताय ना?"

त्या परक्या माणसाने हळूच मान डोलावली.