गुलाबी पट्टीची कार्डं

माझ्या कपाटात आठ इंची फ्लॉपींचं एक न फोडलेलं खोकं आहे. वरचा प्लास्टिकचा कागद पिवळा पडलाय, पण कुठे फाटलेला नाही. माझ्यासारखा छंद असलेली माणसं घरी आली की मी ते दाखवतो. ती ते दोन्ही हातांनी धरतात, कंपनीचा ठसा निरखतात, असं आता कुठे मिळायला, म्हणतात. कुठून आणलंत, असंही विचारतात. मी सांगतो, अदलाबदलीत आलं. बदल्यात काय दिलं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. ते मी इथे लिहितो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी भिलाईतल्या हुडको वसाहतीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घेत असे. तीन मशीन, एक कूलर आणि चपला दाराबाहेर काढायचा कडक नियम. पोलादाच्या प्लांटमधल्या बाबूंची मुलंमुली शिकायला येत. फ्लॉपी ज्याची त्याने आणायची. बिघडलेल्या फ्लॉपी ती टाकून देत आणि मी त्या घरी नेई. आधी नुसती पाकिटं आवडली म्हणून, मग वेडच लागलं. एका जपानी कंपनीच्या पाकिटावर सोनेरी रेघ असे. एका अमेरिकन कंपनीचं खोकं पुस्तकासारखं उघडे. एका देशी कंपनीच्या लेबलावर उगवता सूर्य होता आणि तो दर खेपेला थोडा वेगळ्या लाल रंगात छापून येई. पुढे कळलं की वेगवेगळ्या नावांच्या कितीतरी फ्लॉपी एकाच कारखान्यातून निघतात. चकती तीच, लेबल निराळं. तेव्हापासून आत काय आहे याचं मला अप्रूप राहिलं नाही. कुणी त्यात काय साठवलंय हे मी कधी उघडून पाहिलं नाही. कोरी असली तर उलट उत्तम.

बाबा प्लांटच्या ईडीपी, म्हणजे हिशेबाच्या यंत्रांच्या विभागात पंच ऑपरेटर होते. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला माणूस, मॅट्रिक होऊन भिलाईला आला आणि जन्मभर जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडत राहिला. एका कार्डावर ऐंशी घरं, प्रत्येक घरात एक अक्षर, आणि ते अक्षर म्हणजे वरखाली ठरलेल्या जागी पडलेली एक-दोन चौकोनी भोकं. पगार, हजेरी, कोठारातला माल, सगळं त्या भोकांतून यंत्रात जाई. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ती यंत्रं काढायचं ठरलं. बाबा निवृत्त झाले, सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही स्मृति नगरात घर घेतलं, आणि दोन-तीन वर्षांत शुगरने बाबांचे डोळे नेले.

त्यांच्या पलंगाखाली बुटाचं एक खोकं असे. त्यात दीडेकशे कार्डं. नेहमीची कार्डं फिकट पिवळी. ही वेगळी होती, वरच्या काठाला गुलाबी पट्टी, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एका परदेशी कंपनीचं नाव. प्लांटच्या सुरुवातीच्या काळातला तो माल कोठारात पडून राहिला होता, तो बाबांनी मागून घेतला होता. दुपारी जेवण झालं की ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत, खोकं मांडीवर घेत आणि एकेका कार्डावरून अंगठ्याचं नख फिरवत. सावकाश, डावीकडून उजवीकडे. कधी मान डोलावत. कधी एकटेच हसत.

मी एकदा विचारलं, "बाबा, काय करून राहिले?"

"आपलं जुनं काम. अजून काय."

मला ते पुरलं. म्हाताऱ्या हातांना सवय असते, कुणी जपमाळ ओढतं, हे कार्ड ओढतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

इंदूरचे एक मराठी गृहस्थ माझ्यासारखेच छंदी होते. आमचा पत्रव्यवहार चाले. एका पत्रात मी बढाई मारली की आमच्या घरी गुलाबी पट्टीची कार्डं आहेत. उलट टपाली उत्तर आलं. ती कंपनी, तो रंग, भोकं पाडलेली, वापरलेली, एवढी एकगठ्ठा त्यांनी कुठे पाहिली नव्हती. ते बिलासपूरपलीकडच्या रायगढला लेकीकडे जाणार होते, गाडी दुर्गला थांबणार होती. कार्डं दिली तर आठ इंची फ्लॉपींचं सीलबंद खोकं देतो म्हणाले.

मी बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. माळ्यावर बाबांनीच आणलेला रद्द, फिकट पिवळ्या कार्डांचा गठ्ठा होता. आई असताना त्यांच्या पाठीवर किराण्याच्या याद्या होत. त्यातली दीडशे कार्डं मी मोजून काढली. प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, उलटसुलट कळावं म्हणून. ते सगळे कापलेले कोपरे एका बाजूला येतील अशी मी कार्डं नीट लावली आणि बुटाच्या खोक्यात ठेवली. रंग तर त्यांना दिसतच नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा मनात उच्चारलंय. अजूनही त्याची लाज कमी होत नाही.

दुर्ग स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून मी कार्डांचं पुडकं आत दिलं आणि फ्लॉपींचं खोकं बाहेर घेतलं. इंदूरकरांनी दोनदा माझा हात दाबला. मी घरी येताना स्कूटर हळू चालवली, खोक्याला धक्का लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पहिलं कार्ड घेतलं. नख फिरवलं, थांबले, पुन्हा सुरुवातीला आले. दुसरं घेतलं. तिसरं. मी दारात उभा होतो.

माळ्यावरची ती कार्डं यंत्रासाठीच्या प्रोग्रामची होती. त्यांच्यावरची भोकं यंत्राला कळतील अशी, माणसाच्या अक्षरांशी त्यांचा मेळ नाही. मी कॉम्प्युटर शिकवत होतो, मला हे कळायला हवं होतं. पण भोकं ती भोकं, एवढाच विचार मी केला होता.

तीन दिवस बाबा तसेच बसले. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"इकडे ये बरं. पाहाय, माही बोटं सुजली का?"

मी त्यांचा हात हातात घेतला. "नाही बाबा."

"भोकं लागतात रे, पण अक्षर लागून नाही राहिलं. एक घर वर लागते, एक खाली. काहीच्या काही लागते." ते अंगठा दुसऱ्या बोटांवर घासत राहिले. "डॉक्टर म्हने ना, शुगरनं पायाची जान जाते. हाताची बी जात असन. डोळे गेले, आता बोटं बी गेली माही."

त्यांना माझा संशय आला नाही. तीस वर्षं ज्या बोटांवर त्यांचं पोट चाललं, त्या बोटांचा आला.

मी म्हणालो, "होते तसं बाबा, वयानं."

हे मी म्हणालो. जिभेवर दुसरं वाक्य होतं, तेही तेवढंच लहान होतं.

त्यानंतर बाबांनी खोकं मागितलं नाही. दुपारी व्हरांड्यात बसत, हात मांडीवर उताणे ठेवून. कपाची कड चाचपताना ते बोट उचलून घेत, जणू बोटाने सांगितलेलं खरं असेलच असं नाही.

महिन्याभराने ताई आली. माझी मोठी बहीण दुर्गला असते. बाबा झोपले होते. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा आजकाल आईचं वाचत नाहीत का रे? कावून?"

"आईचं काय?"

"तुले नाही सांगितलं? ते खोकं नाही का. आई गेल्यावर, मशीन निघाच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत बसून केलं त्याईनं. आई जे बोलत होती ना, ते. जसंच्या तसं. एका कार्डावर एक वाक्य, इंग्रजी अक्षरात. म्हने, तुह्या आईचं कोणतंच वाक्य ऐंशी घराच्या वर गेलं नाही, फक्त मले शिव्या देताना दोन कार्डं लागत." ती हसली. "राखीले वाचून दाखवलं मले. 'शिफ्टले उशीर होऊन राहिला, मग मले बोलू नका.' हुबेहूब रे, तिच्याच चालीत. मी रडली तं म्हने, रडू नको, अजून लय बोलायची हाये ते."

"मले कावून नाही सांगितलं?"

"म्हने, तो कॉम्प्युटरवाला हाये, हसन मले."

ताईला मी म्हणालो, त्यांची बोटं गेली. तिनेही ते खरं मानलं.

त्याच संध्याकाळी मी इंदूरला पत्र लिहिलं. कार्डं परत करा, फ्लॉपींचं खोकं परत घ्या, वर माझा सगळा संग्रह घ्या. उत्तर यायला दिवस लागले, कारण ते अजून रायगढलाच होते. पत्र अत्यंत सभ्य होतं. त्यांनी लिहिलं होतं: आपली कार्डं मित्रमंडळींना फारच पसंत पडली. नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठीवर लिहून मी ती एकेक करून निरनिराळ्या गावच्या स्नेह्यांना धाडली. आता परत मागवणं मला प्रशस्त वाटत नाही. एक कार्ड मजजवळ उरलं आहे, ते सोबत जोडलं आहे. लोभ असावा.

दीडशे गावांना आई वाटली गेली होती. एक वाक्य परत आलं.

बाबांच्या पेटीत अक्षरांचा तक्ता होता, कुठलं अक्षर म्हणजे कुठली भोकं, तो. तो समोर ठेवून मी ते कार्ड वाचायला बसलो. एकेक अक्षर कागदावर उतरवत गेलो. तासभर लागला. वाक्य होतं: दुधावर झाकण ठेवा, मांजर फिरून राहिली.

तेव्हाच त्यांच्याकडे जायचं होतं. मी ठरवलं, निदान आणखी चार-पाच कार्डं मिळवू, मग सांगू. एका कार्डाने कसं सांगायचं? इंदूरकरांकडून पत्ते घेतले, पत्रं टाकली. बहुतेकांचं उत्तर नाही. एकाने लिहिलं, कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं, पुस्तक कुणी नेलं. असं करत वर्ष गेलं. त्या वर्षात बाबांची शुगर वाढत गेली. पायाची जखम भरेना, त्यांना दवाखान्यात ठेवलं.

तिथे एका सकाळी, नर्स ड्रेसिंग करून गेल्यावर, मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. कापलेला कोपरा डाव्या हाताला येईल असं. मला वाटलं, मी बोलायची गरजच पडणार नाही. ते वाचतील आणि सगळं त्यांना आपोआप कळेल. बोलायचं धैर्य माझ्यात तेव्हाही नव्हतं.

बाबांनी कार्ड ओळखलं, जाडीवरून. चेहरा उजळला. "कार्ड हाये ना हे?"

"हो बाबा."

नख फिरू लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत. मग अंगठ्याने, मग चारी बोटांनी. नखाखालून भोकं जाताना मला दिसत होती. मी खोटं बोललो होतो तेव्हा त्यांची बोटं धड होती. आता ती खरंच गेली होती.

"कोरं हाये का रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो बाबा. कोरं हाये."

"असू दे," ते म्हणाले आणि कार्ड परत माझ्या हातात दिलं. "काही लिहून ठेवाले कामी येईन तुह्या."

पुढच्या आठवड्यात ते गेले.

माझा संग्रह नंतर खूप वाढला. टेपची रिळं, कॅसेट, छोट्या-मोठ्या फ्लॉपी, कितीतरी कंपन्यांची नावं. लोक समजतात मला छंद आहे. जुना माल निघाला की मी रायपूर, बिलासपूर, नागपूर कुठेही जातो, आणि आधी कार्डांच्या गठ्ठ्यांत हात घालतो, काठाला गुलाबी काही दिसतं का बघायला. पाठीवर नव्या वर्षाच्या शुभेच्छा असलेलं एकही अजून मिळालेलं नाही.

ताईला हे मी गेल्या दिवाळीत सांगितलं. तिच्या घरी, भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर. ती ताट हातात धरून ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं. मग ताट खाली ठेवलं.

"आणलं हाये का ते?"

मी खिशातून कार्ड काढलं.

"वाच."

मला आता तक्ता लागत नाही. मी वाचलं. दुधावर झाकण ठेवा, मांजर फिरून राहिली.

ताईने डोळ्याला पदर लावला. "मागच्या क्वार्टरची ते पांढरी," ती म्हणाली. "आई तिले फार भेत होती." तिने कार्डाच्या गुलाबी काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्याईनं विचारलं, कोरं हाये का. तुले हे एवढं पाठ होतं. असंच वाचून दाखवलं असतं, जसं आता मले वाचलं. बाकी काही सांगा लागलं नसतं."

तिने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं.

"हे आता तुह्या कपाटात जाणार नाही," ती म्हणाली, आणि आत जाऊन देवाजवळच्या फळीवर, आईबाबांच्या फोटोमागे ते ठेवून आली.

निघताना मी ते मागितलं नाही.